आधी भुईकाटा, मग शोरूम

बयो, बचत गटाच्या बायकांनी मिळून पिकअप घ्यायची ठरवलीत, फार चांगलं केलंत. टोमॅटोच्या हंगामात भाड्याच्या गाडीची वाट बघत बांधावर बसायचं, गाडीवाला दुसऱ्याचं जास्तीचं भाडं घेऊन परस्पर निघून गेला की माल उशिरा पोचायचा आणि पडेल त्या भावात द्यायचा, हे किती वर्षं चालवायचं? तू विचारलंस, "ताई, भरवशाची गाडी कुठली?" आमच्या घरात गाड्यांचाच धंदा, म्हणून तुला वाटतं की मी एक नाव सांगेन आणि तू जाऊन टोकन भरशील. नाव सांगायला मला काय लागतंय! पण त्याने तुझं काम होणार नाही. एकाच कंपनीची, एकाच वर्षातली गाडी एकाकडे दहा वर्षं बिनतक्रार पळते आणि दुसऱ्याकडे तिसऱ्या वर्षी गॅरेजच्या दारात मुक्कामाला येते. तिच्यावर किती लादलं, कुठल्या रस्त्याने नेली आणि कुणी सांभाळली, यावर सगळं ठरतं. म्हणून निवांत ऐक, आणि मध्येच "पण ते म्हणतात" करू नकोस.

पहिला हिशोब मालाचा. ऐन तोड्याच्या दिवशी तुमच्या गटाचा किती माल निघतो? शेतावर विचारलं की प्रत्येकीचा आकडा वेगळा येतो, आणि सगळे आकडे खऱ्यापेक्षा कमीच असतात. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट म्हणजे वीस किलो माल, वर रिकाम्या कॅरेटचं दीड-दोन किलो. बावीस धर. दीड टन पासिंगच्या गाडीत मग अडुसष्ट कॅरेट बसतात, पावणेदोन टनाच्या गाडीत ऐंशीच्या आत, दोन टनाच्या गाडीत नव्वद. मनात शंभर कॅरेटची खेप धरून दीड टनाची गाडी घेतलीस, तर पहिल्या दिवसापासून तिच्यावर अन्याय सुरू. कांद्याचं तसंच. पन्नास किलोच्या तीस गोण्या भरल्या की दीड टन पुरा. मेथी-कोथिंबिरीचं मात्र उलटं असतं. तिथे वजन होतच नाही, जागा संपते, म्हणून हौद्याची लांबी बघावी लागते.

म्हणून शोरूमला जायच्या आधी एक काम कर. या हंगामात जी भाड्याची गाडी येते, ती भरली की भुईकाट्यावर न्यायला लाव आणि पावत्या जपून ठेव. काट्याला चार पैसे जातील, पण तुमचा खरा आकडा हातात येईल. त्या आकड्यावर थोडी मोकळीक धरूनच गाडी शोधायची.

आता पासिंग म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण विकणारा ते मोघम सांगतो. आरसीवर दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दोहोंतली वजाबाकी म्हणजे तुला लादायची मुभा. या मुभेतूनच हौद्यावर बसवलेला लोखंडी पिंजरा, ताडपत्री, दोरखंड, जादा स्टेपनी हे सगळं वजा होतं. भरभक्कम पिंजरा बनवून घ्यायची आपल्याकडे फार हौस. ते लोखंड रोज फुकट वाहायचं असतं, आणि त्याच्या वजनाइतकी कॅरेटं कमी भरायची असतात, हे पिंजरा करताना कुणी बोलत नाही.

तुला नाक्यावर हमखास ऐकू येईल, "काय वहिनी, दीडच्या पासिंगवर अडीच ओढते आपली गाडी!" ओढते, खरंय. पण ओढणं आणि टिकणं या दोन गोष्टी आहेत. जादा वजनाने आधी पाटे बसतात, मग क्लच प्लेट जळते, मागचे टायर आतून तापतात, ब्रेक लायनर लवकर उडतात, आणि सगळ्यात शेवटी केबिनच्या मागे चासीला बारीक चीर जाते. यातलं एकही काम पहिल्या महिन्यात निघत नाही, म्हणून बढाई मारणाऱ्याला आपण जिंकलो असं वाटतं. शिवाय कायदा आहे. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला २,०००, आणि जादा माल रस्त्यातच उतरवायचा खर्च आपल्या माथी. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. रात्री हायवेला टोमॅटो उतरवून ठेवायचे म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा गाडीचा भरवसा नेहमी तिच्या कागदावरच्या वजनाला मोजायचा. त्याच्या पुढे तिने जे केलं, ते तिने आपलं आयुष्य खर्चून केलं असं समज.

आता नावांकडे येते, नाहीतर म्हणशील ताईने टाळलं. आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. २०२३ मध्ये तिच्या जोडीला मॅक्स पिकअपची नवी मालिका आली. इंजिन अडीच लिटरचं, आणि १.३ टनापासून थेट दोन टनांपर्यंत पासिंग मिळतं. मोठ्या मॉडेलांत दहा फुटी हौदाही आहे. टाटाची योद्धा २.२ लिटर इंजिनची. १२०० किलोपासून तिची मॉडेलं सुरू होतात, आणि २०२२ मध्ये आलेली योद्धा २.० दोन टनांची आहे. अशोक लेलँडची बडा दोस्त २०२० मध्ये आली. तिचं इंजिन दीड लिटर, तीन सिलिंडरचं. सपाट रस्त्याला आणि शहरातल्या वाटपाला लोक ती आवडीने घेतात. इसुझूची डी-मॅक्स आंध्रातल्या श्री सिटीत बनते. दणकट आहे, पण आपल्या तालुक्यात तिच्या गाड्या मोजक्याच, म्हणून सुट्या भागांची चौकशी आधी. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. ती हौसेची आणि आपल्या बजेटच्या फार बाहेरची, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि काट्याच्या पावत्या बघून कळलं की माल रोजच अडीच टनाच्या घरात जातो, तर पिकअपचा नादच सोड. १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या ४०७ च्या वर्गातला छोटा ट्रक बघ. मोठ्या कामाला लहान गाडी जुंपून ती मजबूत होत नाही.

डिझेलच हवं का, हाही प्रश्न विचार. मी डिझेलवालीच, तरी सांगते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, भरलेली गाडी चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडत नाही, आणि लांबच्या खेपेला खर्च निघतो. तुमचा माल ओतूरवरून माळशेज घाटाने मुरबाड, कल्याण, पुढे वाशीपर्यंत जाणार असेल, तर डिझेल बरोबर आहे. पण गटातल्या काहीजणी म्हणतात तसं फक्त शेत ते मार्केट यार्ड, पाच-सात किलोमीटर, तेवढंच फिरवायचं असेल, तर आजची डिझेल गाडी त्या कामाची नाही. सपाटीवर आणि पंप जवळ असेल तर सीएनजी परवडते. फक्त टाक्यांचं वजन पासिंगमधून जातं आणि पंपावरच्या रांगेत वेळ जातो, हे धरून चाल.

जवळच्या फेऱ्यांना डिझेल का नको, ते सांगते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. तेव्हापासून धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळते, पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. रोज थोडंसं चालवून बंद केली, पुन्हा थोडं चालवून बंद केली, की जाळणं अर्धवट राहतं, गाळणी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. दिवा लागला की घाबरून गाडी बंद करायची नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं मोकळ्या रस्त्याला सलग चालवायची. कुणी मिस्त्री म्हणाला, "वहिनी, कापून टाकू ती भानगड," तर हात जोडून निघून ये. ते बेकायदा आहे, आणि पुढे गाडी फिटनेसच्या तपासणीला नेशील तेव्हा तिथेच अडकशील.

काही गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी असते, ड्रायव्हर तिला सरळ युरियाची टाकी म्हणतात. घेताना विचारून घे, तुझ्या मॉडेलला आहे की नाही. असली तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून ठेव. त्यात जाणारा द्रव म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया, डबाबंद मिळतो. आपल्या शेतकऱ्याच्या घरात युरियाची गोणी असतेच, आणि एखाद्या हुशाराला वाटतं की मूठभर बादलीत विरघळवून ओतला की झालं. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, इतर अशुद्धीही असते. त्याने आतली सगळी यंत्रणा बसते आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून झोप उडते.

डिझेलचंही तसंच. बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत फक्त दहा भाग असतं, आणि आताचे इंजेक्टर फार बारीक छिद्रांचे, प्रचंड दाबावर चालणारे असतात. कॅनमधलं स्वस्त डिझेल, रॉकेल मिसळलेलं डिझेल त्यांना चालत नाही. खप असलेला एकच पंप धर, पावती घे, आणि टाकी तळाला जाऊ देऊ नकोस. डिझेल फिल्टरखाली पाणी जमा होतं, पावसाळ्यात ते वेळच्या वेळी काढायला ड्रायव्हरला सांग. धुरळ्याच्या रस्त्याला एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्याही आधी बघावा लागतो. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घाल, कारण चुकीच्या ऑइलची राख त्या गाळणीत जाऊन बसते. भरवशाच्या गाडीचा अर्धा भरवसा या असल्या बारक्या कामांत असतो, आणि ही कामं कुणी लक्षात ठेवायची, हे गटाने पहिल्याच दिवशी ठरवायचं.

घाटाचं वेगळं सांगते. माळशेजला गाडी चढते की नाही याची काळजी करू नकोस, आजची कुठलीही पिकअप चढते. काळजी उतरायची. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात, लायनर धूर सोडतात आणि ऐन वळणावर पेडल पोकळ लागतं. जुने ड्रायव्हर सांगतात तो नियम पाठ कर. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल कधीही नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर असेल तर तो बदल, गाडी बदलायची गरज नाही. आणि परत येताना गाडी रिकामी असते, तेव्हा मागची चाकं हलकी असतात. पावसात, धुक्यात ती सहज घसरतात. भरलेल्या गाडीला जपणारा माणूस रिकाम्या गाडीला पळवतो, तिथेच घात होतो.

म्हणून ट्रायल घेताना रिकामी गाडी घेऊन शोरूमभोवती चक्कर मारू नकोस, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे आणि जो तुझ्याच वाटेने जातो, त्याच्या भरलेल्या गाडीत एक खेप केबिनमध्ये बसून कर. चढाला कुठला गिअर लागतो, उतरताना ब्रेक किती वेळा दाबावा लागतो, तासाभराने पाठ-कंबर काय म्हणते, हे बघ. मग त्या मालकाला दोनच प्रश्न विचार. गाडी शेवटची कधी आणि कशामुळे उभी राहिली, आणि किती दिवसांनी चालू झाली?

मी गाडीचा भरवसा या दुसऱ्या प्रश्नावर जोखते. बिघाड कुठल्या गाडीला होत नाही? पण संध्याकाळी बंद पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी तोड्याला हजर झाली तर ती भरवशाची, आणि पुण्याहून पार्ट येईपर्यंत आठवडाभर उभी राहिली तर तिचं इंजिन कितीही भारी असू दे, तुझा माल कुजला आणि हप्ता मात्र चालूच राहिला. म्हणून नारायणगाव, आळेफाट्याच्या पार्टवाल्यांकडे जाऊन विचार, या मॉडेलची क्लच प्लेट, ब्रेक लायनर, डिझेल फिल्टर, व्हील बेअरिंग आत्ता फडताळावर आहेत का. "मागवून देतो" हे उत्तर नाही म्हणूनच धर. आणि जवळच्या मिस्त्रीकडे या गाडीचा स्कॅनर आहे का, तोही बघ. बीएस-६ गाडीचा अर्धा आजार आता सेन्सरचा असतो. नुसत्या कानाने इंजिन ओळखणारा उस्ताद तिथे हतबल होतो.

गटाकडे पैसे कमी आहेत म्हणून जुनी घ्यायची म्हणत असशील, तर हरकत नाही, पण घाई नको. एक ध्यानात ठेव, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक जुन्या हिशोबाने किंमत सांगत असेल, तर आधी आजच्या नव्या गाडीचं कोटेशन हातात घे, मग घासाघीस कर.

आपले आबा चाकणच्या बाजारात बैल घ्यायला गेले की शिंगांचा रंग बघत नसत, आधी वाकून खूर बघत. तशीच जुनी गाडी खालून बघायची. सकाळी लवकर, न सांगता जा आणि बॉनेटवर हात ठेव. गरम लागला तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, समजायचं. गार इंजिन कसं चालू होतं ते तुला बघू द्यायचं नाहीये त्याला. चालू केल्यावर निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी तरी आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. भरपूर काळा असेल तर इंजेक्टर, टर्बो नाहीतर चोंदलेला फिल्टर. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघ, तिथून धूर भसाभसा बाहेर आला तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे मोठं काम जवळ आलंय. मग खाली वाक. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरपाशी चासीला वेल्डिंग आहे का, पाटे सरळ झालेत का, टायर एकाच बाजूने झिजलेत का, हौद्याच्या पत्र्याखाली गंज आहे का. मासळी वाहिलेली गाडी असेल तर खारं पाणी हौद्यातून थेट चासीवर गळलेलं असतं. वरून कितीही रंग मारू दे, आतून ती खाल्लेली असते. वाळूवर चाललेली गाडीही नको, तिने सगळं आयुष्य ओव्हरलोडमध्ये काढलेलं असतं.

कागदांना कंटाळू नकोस. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, टॅक्स, विमा आणि थकलेली चलनं बघून घे. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो, म्हणजे जुन्या गाडीला तो खर्च आणि तो दिवस दरवर्षीचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस. "चालवा हो माझ्याच नावावर, काय होतंय" असं म्हणणारा मालक गोड बोलतो, पण अपघात झाला की दोघंही कोर्टाच्या पायऱ्या चढतात. परमिटचं म्हणशील तर भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर लागत नाही. दीड-पावणेदोन टन पासिंगच्या गाड्या बहुतेक त्याच्या वर जातात, त्यामुळे तो खर्चही धर.

कर्ज काढताना एकच शब्द नीट ऐक. फायनान्सवाला म्हणेल, "फक्त नऊ टक्के." विचार, फ्लॅट की रिड्युसिंग? आठ लाखांना चार वर्षं फ्लॅट नऊ टक्के म्हणजे व्याज २,८८,००० आणि हप्ता साधारण २२,६६७. तू दर महिन्याला मुद्दल फेडत असतेस, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवर लावलेलं असतं. खरा दर त्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच नऊ टक्के रिड्युसिंगने घेतले तर हप्ता १९,९१० च्या जवळ. चार वर्षांत सव्वा लाखाच्या वर फरक, म्हणजे टायरचे कितीतरी जोड! आणि हप्ता ठरवताना हंगामातली कमाई धरू नकोस, ज्या महिन्यांत बागा रिकाम्या असतात ते महिने धर. त्या महिन्यांत परतीचं भाडं, खताच्या गोण्या, कुणाचं घरसामान काय मिळेल, याचा अंदाज आधी घे. प्रत्येक खेपेमागे टायर आणि दुरुस्तीचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा, तो उरलेला नफा म्हणून वाटून घ्यायचा नाही, हे ठरावात लिहूनच काढा.

आता जे सांगते ते नाजूक आहे. गाडी तुमची झाली की बायका म्हणतील, "आपलीच गाडी आहे, बसू की हौद्यात. मजुरीला जायचंय, देवाला जायचंय." नाही म्हणायचं, बयो. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रावणी सोमवारी खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप कोसळली, आपल्याच जिल्ह्यातल्या लेकीसुना गेल्या. हौदा मालासाठी असतो. तिथे धरायला काही नाही, माणसं एका बाजूला झुकली की चढाला तोल जातो, आणि मालगाडीच्या विम्यात अशा प्रवाशांना धरत नाहीत. मालासोबत जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला कायदा धरतो, तोही केबिनमध्ये जेवढ्या जागा आहेत तेवढाच. तुला वाईटपणा येईल, रुसतील, चार दिवस बोलणार नाहीत. येऊ दे वाईटपणा.

हे "नाही" तू म्हणू शकशील की नाही, ते आरसीवर नाव कुणाचं आहे यावर ठरेल. तुमच्याकडे आत्ताच कुजबुज सुरू झाली असेल, गाडी अमक्याच्या नवऱ्याच्या नावावर घेऊ, तो कागदपत्रांना बरा पडेल. गटाचे पैसे, गटाचं कर्ज, आणि नाव त्याचं? मग हौद्यात आणखी दहा कॅरेटं टाकायची की नाही, ड्रायव्हर कोण, रिकाम्या दिवशी गाडी कुणाच्या लग्नाला जाणार, हे सगळं तोच ठरवणार, आणि पाटे मोडले की बिल मात्र बैठकीत येणार. बँकेला विचारा, गट नोंदणीकृत असेल तर गटाच्या नावावर, नाहीतर तुमच्यातल्या एकीच्या नावावर, बाकीच्यांशी लेखी करार करून. पण नाव बाईचंच.

आणि तू स्वतः शिक. हसू नकोस. कार चालवायचं साधं लायसन्स असलं की साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. तुमची पिकअप त्याच्या निम्म्याच्या आसपास. रोज घाट तूच उतरावास असं मी म्हणत नाही, त्याला मुरलेला ड्रायव्हरच ठेव. पण ज्या मालकिणीला गाडी चालवता येते, तिला ड्रायव्हर "क्लच असाच असतो" म्हणून फसवू शकत नाही, आणि तोड्याच्या दिवशी तो आला नाही तर यार्डापर्यंत माल अडत नाही. शिकाऊ लायसन्सचा अर्ज ऑनलाइन होतो, ते निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. काट्याच्या पावत्या गोळा होईपर्यंत तुझं लायसन्स हातात यायला हवं. उद्याच अर्ज भर, आणि गटातल्या आणखी दोघींना भरायला लाव.